अकरा इंच

१

टपालाची मोटार आमच्या गावात साडेदहाला यायची आणि अकराला पोस्टाची खिडकी उघडायची. लढाईच्या त्या वर्षांत मी रोज अकराच्या सुमारास पहिला तास सहायकावर सोपवून शाळेबाहेर पडत असे. हेडमास्तर असण्याची तेवढीच सवलत मी घेतली. माझा एकुलता मुलगा नाथाजी मराठा पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती. पत्र तीन-चार आठवड्यांनी यायचे, पण मी रोज जायचो.

शाळेतून पोस्टात जायला वाट एकच, पुतळ्याच्या चौकातून. सरदारांचा तो घोड्यावरचा पुतळा जिल्ह्यात प्रसिद्ध होता. साताऱ्याहून सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या धुराने खोकत तिथे थांबायची आणि उतारू खाली उतरून माना वर करून पाहायचे. काळ्या दगडाचा चौथरा, चढायला पाच पायऱ्या. शेवटच्या पायरीवर उभे राहिले की चौथऱ्याचा माथा छातीला लागे. त्यावर ओतीव धातूचा घोडा, तीन पाय टेकलेले, उजवा पुढचा उचललेला.

पायरीवर नगरपालिकेचा राखणदार केरबा बसलेला असे. पहिल्या लढाईत त्याचा डावा हात बसऱ्याला राहिला होता. मी रिकाम्या हाताने पोस्टातून परतलो की तो म्हणायचा, "न्हाई व्हय? बसा मास्तर. तंबाखू मळून द्या मला. एका हातानं मळाय येत न्हाई."

२

चव्वेचाळीसच्या आरंभी नगराध्यक्ष लालासाहेबांनी मला बोलावले. पुतळ्याला पंचवीस वर्षे होत होती. "चाळीस पानांचं पुस्तक करा, मास्तर. इतिहास घाला, लोक काय म्हणतात तेही घाला. लोकांना तेच आवडतं."

लोक काय म्हणतात ते विचारायला मी केरबाकडे गेलो.

"आवं, घोड्याचा पाय बघायचा," तो म्हणाला. "दोन्ही फुडचं पाय वर असलं तर गडी रनात पडला. एकच वर असंल तर घायाळ हून मागनं, परमुलखात मेला. आन् चारी पाय भुईवर असलं तर घरी मेला, आपल्या खाटंवर. कारागीर गुपचूप सांगून ठेवत्यात. समद्या मुलखात असंच हाय."

"आणि तुझा एकच हात वर जातो, त्याचं काय?"

"म्हंजे मी अर्धा मेलोय," तो हसत म्हणाला. "उरलेला अर्धा नगरपालिका मारतीया."

मी कचेरीतली जुनी कागदपत्रे काढली. सरदार वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, घरी, तापाने वारले होते. शिल्पकाराचे पत्रही सापडले. चारही पाय टेकवले तर घोडे भाड्याच्या टांग्याचे दिसते, म्हणून एक उचलला, असे त्याने स्वच्छ लिहिले होते. मला बरे वाटले. मी गणित शिकवणारा माणूस. एक दंतकथा खोटी ठरली आणि तिच्यावर पुस्तकातली दोन पाने झाली.

पुतळ्याची मापेही घेतली. उचललेल्या खुरापासून चौथऱ्यापर्यंतचे अंतर शाळेच्या फूटपट्टीने मोजले. अकरा इंच.

३

फौजेत मुलगा असलेल्या घरच्या बायका शनिवारी त्या खुराला हळद आणि तेलात कालवलेला शेंदूर लावीत. ही रीत पुस्तकाच्या आधीची. आमच्याकडे दगडाला एकदा शेंदूर लागला की तो लागतच राहतो. माझी पत्नी अंजनाही जायची. मी कधी अडवले नाही, कधी सोबतही गेलो नाही.

एका शनिवारी ती परत आली आणि हात न धुताच माझ्यासमोर बसली. नाथाचे पत्र येऊन दोन महिने झाले होते.

"आवं, त्यो केरबा काय पायाचं सांगतोय म्हनं. तुमी लिवून घेतलंय. मला सांगा की."

मी तिच्या पिवळ्या बोटांकडे पाहिले. एक पाय वर, म्हणजे घायाळ होऊन परमुलखात. तो पाय ती दर शनिवारी हाताळत होती.

"जुनी समजूत आहे," मी म्हणालो. "चारही पाय भुईवर टेकले, की माणूस घरी आला."

"घरी आला?"

"हो."

"आन् वर असला तर?"

"तर अजून वाटेत आहे."

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने ताटात दोन भाकऱ्या वाढून घेतल्या. त्या दुपारी मला माझ्या बोलण्याचा अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवले पाहिजे.

४

पुस्तक सांगलीत सुकुमार उपाध्ये यांच्या छापखान्यात छापले. हळदीच्या पेठेमागे जुनी इमारत, खाली यंत्र, वर बसायची खोली. सगळ्या कागदांना हळदीचा वास यायचा. सुकुमारशेठ मुद्रिते स्वतः वाचायचे.

"मास्तर, सोळाव्या पानावर 'चारी पाय भुईवर तर तो घरी मेला' असं आहे. आमच्या बाजूला पण हेच म्हणतात. ठेवायचं ना?"

अंजनाला अक्षरओळख होती. पुस्तक घरी येणार, ती बोट ठेवून ते वाचणार.

मी लाल शाईने 'मेला' खोडून वर 'आला' लिहिले. मग वाक्ये जुळेनात, म्हणून वरच्या दोन ओळी सौम्य केल्या. त्याखालचा सरदारांचा ताप आणि शिल्पकाराचे पत्रही काढून टाकले, कारण ते ठेवले असते तर मूळ म्हण काय होती, हा प्रश्न आला असता.

"अहो, पण लोक तसं म्हणत नाहीत," सुकुमारशेठ म्हणाले.

"आता म्हणतील."

ते हसले. "व्हय, छापलं की खरं होतंय. आमचा धंदा त्यावरच चाललाय."

५

पुस्तक गावात घरोघर गेले. शनिवारी चौकात बायकांची रांग लागू लागली. पूर्वी त्या नुसता हात लावून जायच्या. आता खुरावर तळवा टेकवून खाली दाबायच्या आणि पुटपुटायच्या, "टेक, बाबा, टेक."

मे महिन्यात खालच्या आळीचा ज्ञानू अचानक रजेवर आला. त्याची आई दगडाबाई हिने चौकात साखर वाटली. आठव्या दिवशी ज्ञानू ओसरीवर भाकरी खाता खाता कलला आणि गेला. डॉक्टर काळजाचे दुखणे म्हणाले. मी सांत्वनाला गेलो, तेव्हा दगडाबाई भिंतीला टेकून म्हणाली, "मास्तर, तुमचं पुस्तक खरं झालं. घरी आला. माज्या मांडीवर गेला. तेवडं तरी झालं."

घरी येताना मी योगायोगाचे गणित मांडत होतो. गावातले अडीचशे गडी फौजेत, वर्षाकाठी इतके रजेवर, त्यांतला एखादा आजारी. गणित बरोबर होते.

चौकात केरबाने हटकले. "मास्तर, पुस्तकात चूक हाय. अकरा इंच लिवलंय तुमी. बायका म्हनत्यात, यवडं न्हाई."

मी घरून फूटपट्टी आणली. अंतर नऊ इंच भरले.

६

कारण उघड होते. हळद आणि शेंदूर. खुराच्या खाली चौथऱ्यावर थेंब पडून पडून चिकट थर साचला होता, खुराच्या तळालाही चढला होता. मधली जागा त्याने खाल्ली होती. मला स्वतःचेच हसू आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चौक ओसाड असताना, मी स्वयंपाकघरातले उलथणे घेऊन गेलो. केरबा पायरीच्या सावलीत घोरत होता. मी थर खरवडला. कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे निघाले, पिवळा, तांबडा, पुन्हा पिवळा. दीड इंच तरी असेल. शेवटी काळा दगड आणि उघडा धातू दिसेपर्यंत मी घासत राहिलो. मग पट्टी लावली.

सव्वासात.

मी पट्टी उलटी धरून मोजले. पट्टीची टोके झिजली असतील म्हणून मधून मोजले. सव्वासातच. पहिल्या वेळी अकरा मोजताना चुकलो असेन, असे म्हणावे, तर लालासाहेब समोर उभे होते आणि त्यांनी आकडा मोठ्याने वाचला होता. उन्हाने धातू प्रसरण पावतो, हे मी मुलांना शिकवतो. पण पावणेचार इंच नाही.

पाय कुठे तडकला आहे का, म्हणून मी गुडघ्यापर्यंत हात फिरवला. तडा नव्हता. गुडघ्याच्या मागे, जिवंत जनावराच्या कातड्याला पडते तशी, धातूला बारीक वळी पडली होती. ती आधीपासून होती की नाही, हे मला आठवेना. पुस्तकातला फोटो काढून पाहिला. फोटोतही पाय मला खालीच वाटू लागला, म्हणून मी तो पाहणे बंद केले.

जागा झालेला केरबा माझ्या हातातल्या उलथण्याकडे पाहत होता.

"बायकांना कळलं तर झोडपतील तुमास्नी," तो म्हणाला. मग हळूच, "किती भरलं?"

मी आकडा सांगितला नाही.

७

नोव्हेंबरात तार आली. नाथाजी जखमी, पुण्याच्या लष्करी इस्पितळात. अंजना रडली नाही. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "चार बोटं ऱ्हायलीत."

जानेवारीत मी त्याला घरी आणले. बावीस वर्षांचा मुलगा, पण बसताना म्हाताऱ्यासारखा दोन्ही हातांनी खाट धरायचा. लोखंडाचा एक तुकडा फुप्फुसाशेजारी राहिला होता आणि तो काढण्यापेक्षा ठेवण्यात धोका कमी होता. माजघरात खिडकीखाली त्याची खाट टाकली. पहिल्या दिवशी त्याने आईला सांगितले, "आई, तिकडं समदं मिळतं, पर तुज्या हातची आमटी न्हाई. त्या इटलीवाल्यांस्नी तिखटच ठावं न्हाई." ती हसली. त्या घरात ते हसणे मी विसरलो होतो.

आमच्या डॉक्टरांनी तपासले. "पाचगणीची हवा चांगली. पण घरी आनंदात असेल तर घरही चांगलं. तुम्ही ठरवा."

आमच्या घरापासून चौक दोन गल्ल्या दूर. मधे घरे, झाडे, गिरणी. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी नाथाच्या उशाशी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. गिरणी बंद होती. परड्यातून आवाज आला. दगडावर धातू आपटल्याचा. एकदाच. घोडा उभ्या उभ्या कंटाळून पाय आपटतो तसा.

मी वाचत राहिलो. ओळी डोळ्यांखालून गेल्या, अर्थ लागला नाही.

नाथाने डोळे उघडले. "आबा, परड्यात घोडं कुनाचं बांधलंय?"

"कुणाचं नाही."

"मग ऐकलं ते?"

"गिरणी असेल."

परड्यात जाऊन पाहिले. तुळस, धुण्याचा दगड, दोरीवर त्याचा धुतलेला सदरा. त्या संध्याकाळी, उजेड असताना, मी चौकात गेलो. खूर आणि दगड यांच्यात माझ्या करंगळीचे टोक कसेबसे शिरले.

८

ज्या माणसाने म्हणीतला एक शब्द खोडला, त्याला तो शब्द बरोबर आठवत असतो. चारी पाय भुईवर, तर घरी. मग घर सोडले तर?

मी असा विचार करतो आहे, हे मला कळत होते आणि त्याची लाजही वाटत होती. पण करंगळीच्या टोकाएवढ्या जागेसमोर लाज टिकत नाही.

"आबा, मला हितंच ऱ्हाऊ द्या," नाथा म्हणाला. "दोन वर्सं ह्या खिडकीची सपनं बघितली मी."

"हवा लागेल. डॉक्टर म्हणाले."

"डाक्टर म्हनला, घर बी चांगलं. मी ऐकलं न्हाई व्हय?"

अंजना दारात उभी होती. "आवं, आला की आता त्यो. कशापायी न्हेताय?"

कारण सांगायचे म्हणजे तो शब्द सांगायचा. मी म्हणालो, "महिनाभर फक्त." आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच मोटार ठरवून त्याला घेऊन गेलो. चौकातून जाताना मी पुतळ्याकडे पाहिले नाही. नाथाने पाहिले. वाईपर्यंत तो मान वळवून मागच्या काचेतून बघत होता.

पाचगणीत लाकडी जमिनीची एक खोली मिळाली. स्वच्छ, पांढरी, परकी. खिडकीतून झाडे दिसत, माणूस दिसत नसे. कोणी चालले की सगळी खोली वाजे, म्हणून मी अनवाणी चालत असे. कान सतत परड्यातल्या आवाजाकडे लागलेले. पण तिथे तो आला नाही, आठ दिवस आला नाही, आणि मला वाटू लागले की आपण जिंकलो.

नवव्या दिवशी दुपारी नाथाला खोकल्याची उबळ आली. लोखंडाचा तुकडा हलला होता, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. मी त्याचे डोके मांडीवर घेतले.

"आबा, घर लांब हाय का?" त्याने विचारले.

"नाही. जवळच."

"मग त्यो पाय वर का घेतोय?"

त्यानंतर तो काही बोलला नाही. परमुलखात, घायाळ होऊन, मागाहून.

९

नाथाचा देह घेऊन आम्ही चौकात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. केरबाने उरलेल्या हाताने सलाम केला. मोटार पुढे पाठवून मी पायऱ्या चढलो. तेवढेही थांबायला नको होते.

पाय वर होता. मी पट्टी नेली नव्हती, पण वीत टाकली. वीतभर आणि दोन बोटे, म्हणजे अकरा इंच.

खुराखाली चौथऱ्यावर शेंदराचा नवा थर बोटभर जाड साचला होता. त्यात ठसा उमटला होता. अर्धचंद्राकृती नालाचा, खिळ्यांच्या डोक्यांसकट. थर वाळून कडक झाला होता, ठसा खोल होता, आणि त्याच्या तळाशी दगड उघडा पडला होता. वर पाहिले. खुराच्या तळाला तोच शेंदूर चिकटलेला होता, आणि त्यातून एक तेलकट तार खाली लोंबत होती, खूर नुकताच उचलल्यासारखी.

घरी अंत्यविधीची माणसे जमली होती. सगळे उरकल्यावर, तिसऱ्या दिवशी, अंजना पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"टेकला व्हता," ती म्हणाली. "तुमी त्याला न्हेलं त्या सकाळी. मी तुमच्या मागनं चौकात गेले व्हते. पाय पुरा टेकला व्हता. माज्या हातानं चाचपला. मी म्हनलं, आता माजं लेकरू घरला आलं. आन् तुमची मोटार तर गावाभाईर गेलेली."

मी तेव्हा तरी बोलायला हवे होते. घोडा मरण आणत नव्हता. ते तर त्या तुकड्याबरोबर इटलीहूनच निघाले होते. घोडा फक्त जागा दाखवत होता, आणि ती जागा खिडकीखालची खाट होती, आईची आमटी होती. तीच मी काढून घेतली. हे सांगायचे तर एक खोडलेला शब्द परत घालावा लागला असता.

१०

त्यानंतर मी शाळा सोडली आणि सांगलीला सुकुमारशेठच्या छापखान्यात मुद्रिते तपासायला राहिलो. यंत्रावरच्या खोलीत झोपतो. तीन वर्षे झाली. अंजनाने ये म्हटले नाही, मी गेलो नाही. केरबा अधूनमधून हळदीच्या गाडीवाल्याबरोबर निरोप धाडतो.

त्यात एकदा त्याने लिहिले होते की बाई अजून दर शनिवारी खुराला शेंदूर लावतात. लढाई संपली, बाकीच्या बायका यायच्या थांबल्या, ह्या एकट्याच येतात. मी उलट विचारले, आता कुणासाठी? त्याचे उत्तर आले नाही.

ते काल आले. वेडेवाकडे, एका हाताने कागद धरता येत नाही तसे अक्षर. "मास्तर, बाईंनी सांगून लिवून घेतलं ते धाडतो. बाई म्हनत्यात, तुमच्यासाठी. म्हनत्यात, राग गेला. पाय दोन बोटांवर आलाय. घरी या."

गेल्या महिन्यापासून जिना चढताना माझ्या छातीत कळ येते. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

सकाळी सुकुमारशेठना म्हणालो, घरी जातो. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आत्ताच? आवं, कृष्णेचं पानी हितंबी तेच हाय. किती दिवसांसाठी?"

"तिकडेच राहीन."

पुस्तकाच्या उरलेल्या एकोणीस प्रती माळ्यावर होत्या. दुपारपर्यंत बसून प्रत्येकीच्या सोळाव्या पानावर मी 'आला' खोडले आणि जुना शब्द हाताने लिहिला. एक प्रत अंजनासाठी पिशवीत घातली. ती बोट ठेवून वाचील.

मोटार दोनला सुटते. खाली यंत्र बंद आहे, आज पेठेला सुट्टी. मघाशी अंगणातल्या फरशीवर आवाज झाला, एकदाच. मी खिडकीतून पाहिले नाही.